कानोसा

ऑक्टोबरात मुख्य कचेरीनं आम्हाला एक भिंत दिली,
विटांची नव्हे, फोनच्या काचेतली.
ज्याला जे येतं ते त्यानं इथे लिहावं, म्हणाले.
उद्घाटनाला दालचिनीचे पाव होते,
आणि मगांवर छापलेलं : सांगितल्यानं वाढतं.
पाव संपले. मग ज्याचे त्याच्या घरी गेले.

प्रशिक्षण खात्यात मी एकटी.
रोज सकाळी भिंतीत डोकवायचं, हा माझा पगार.
नोव्हेंबर : सौनाची किल्ली कुणी नेली?
डिसेंबर : गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपाला मीठ नाही.
जानेवारीत नदी गोठली, भिंतही.
उत्तरेकडची माणसं बोलत नाहीत, असं हेलसिंकीत म्हणतात.
खोटं आहे.
बोलतात, यंत्र बंद असलं की.
आणि कागदाचं यंत्र वर्षातून दोनदाच बंद असतं.

मग एका पहाटे, तीन वाजून दहा मिनिटांनी,
ताइस्तो केम्पाइनेननं भिंतीवर एक आवाज ठेवला.
चौदा सेकंद. नुसती घरघर.
खाली दोनच शब्द : अकरावा ऐका.

ताइस्तो, सदतीस वर्षं सुकवणीच्या रुळांपाशी,
डावा कान त्यांनाच देऊन बसलेला.
उरलेल्या उजव्यावर अख्खं खातं चालायचं
आणि हे कुठल्याच कागदावर नव्हतं,
कागदाच्या कारखान्यात असून.

दोन दिवस कुणी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या रात्री होदाननं लिहिलं.
होदान वार्समे, एकवीस वर्षांची, शिकाऊ,
रुमालावरून कर्णरक्षक चढवते, ते सारखे घसरतात.
*सोळा वेळा ऐकलं.
मला काहीच वेगळं ऐकू येत नाही.
काय ऐकायचं असतं?*

माझं बोट 'पुसा'वर होतं, खरं सांगते.
सगळ्यांदेखत पोरीची शोभा होईल, असं वाटलं.
आधी कॉफी घ्यावी म्हणून उठले.
परत येऊन बघते तो
प्रश्नाखाली अकरा अंगठे.
त्यात एक उर्होचा, आमच्या फोरमनचा,
जो वीस वर्षं ताइस्तोशेजारी उभा राहून
मान डोलवत आला होता.

उत्तर सकाळी आलं, पाळी सुटल्यावर :
*झाडूचा दांडा घे. लाकडी, प्लॅस्टिकचा नको.
एक टोक बेअरिंगच्या घरावर,
दुसरं कानामागच्या हाडावर.
कानानं ऐकू नकोस. थांब.
वाळलेला वाटाणा डब्यात एकदाच उडतो, तसं.*

त्या आठवड्यात भांडारातले झाडू संपले.
उरुग्वेच्या कारखान्यातून नेलिदा नावाच्या बाईनं
आपल्या रुळाचा आवाज पाठवला,
यंत्रानं भाषांतर केलेल्या मोडक्या ओळीसकट :
*आमचा वाटाणा ओला आहे काय?*
ताइस्तोनं चार वेळा ऐकून कळवलं, वंगण बदला.
माझ्या माहितीत त्यानं कधी कुणा परक्याशी
इतकं लांबलचक संभाषण केलेलं नव्हतं.

मार्चमध्ये बेअरिंग उघडलं.
बाहेरच्या कड्यावर चरा, नखाएवढा.

अहवालात माझ्याकडे एक रकाना होता : सहभाग, टक्के.
मी एकेचाळीस लिहिलं.
सोळा वेळा ऐकून काहीच न ऐकू येणं
कुठे भरायचं, ते विचारायला
वरच्या मजल्यावर कुणी नव्हतं.

मे महिन्यात ताइस्तो निवृत्त झाला.
नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं, मीच केलं.
आता त्याच्या उत्तरांवर राखाडी वर्तुळ आहे
आणि 'माजी सदस्य'.
तो नदीवर मासे धरतो म्हणे,
उजवा कान पाण्याकडे करून.

काल रात्री होदाननं नऊ सेकंद ठेवले.
खाली दोन शब्द : सातवा ऐका.
कुणा नव्या मुलानं लगेच विचारलं,
मला काही कळत नाही, काय ऐकायचं?

तिचं उत्तर मिनिटाभरात आलेलं :
*लिहून नाही जमणार.
दांडा घेऊन खाली ये. मी उभी आहे.*